तेल: तोलून की मापून?

खाद्यतेल तराजूवर तोलता येते आणि मापाने ओतूनही देता येते. आज नवी मुंबई वसली आहे त्या ठाणे-कुलाबा पट्ट्यात या दोन्ही रीती पूर्वीपासून होत्या आणि दोन्हींना ‘शेर’ हे एकच नाव होते. तराजूतले वजनही शेर, भरायचे भांडेही शेर. त्यातही मुंबईचा शेर 28 तोळ्यांचा, तर पक्का शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅमचा. घाण्यावरून बुधल्यात आलेले तेल गिऱ्हाइकाला पावशेर-अच्छेराच्या मापाने मिळे. माप कोणत्या शेराचे, यावर खरा भाव ठरे.

ऑक्टोबर 1958 पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि 1962 पर्यंत ती सक्तीची झाली. शेराची जागा किलोने घेतली. तेलाच्या बाबतीत मात्र पक्क्या शेराला लिटर अधिक जवळचा होता. तेल पाण्याहून हलके असल्यामुळे एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरते. शेरभर तेलाहून ते जेमतेम 23 ग्रॅमने कमी. किलो मात्र शेराहून 67 ग्रॅमने जास्त. तरीही सुटे तेल बराच काळ किलोनेच विकले गेले. दुकानदार आधी गिऱ्हाइकाच्या रिकाम्या बरणीचा धडा करी, म्हणजे दुसऱ्या पारड्यात तितकेच वजन टाकून काटा समतोल करी, आणि मग नरसाळ्यातून तेल सोडी. धडा नीट झाला की नाही हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी पाहता येई. या पद्धतीचे हे मोठेच बळ होते.

घाऊक व्यापाराचे एकक डबा. रॉकेलचे जुने पत्र्याचे डबे चार गॅलनचे, म्हणजे सुमारे 18.2 लिटरचे असत. तेवढ्या जागेत खाद्यतेल साडेसोळा किलो मावते, आणि वनस्पती तुपाचा डबाही पुष्कळ वर्षे साडेसोळा किलोचाच होता. पुढे 15 किलोचा डबा रूढ झाला आणि त्याच्याच जोडीला 15 लिटरचा डबाही आला. दुसऱ्यात तेल फक्त 13.65 किलो. रंगाने, उंचीने सारख्या दिसणाऱ्या या दोन डब्यांत जवळपास 1.35 किलोचा फरक आहे, आणि घरी वर्षाचे तेल भरणाऱ्याला तो पहिल्यांदा कळतो तो बहुधा डबा लवकर संपल्यावर.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 ची, मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीची 1977 ची. त्यानंतर मशीद बंदर परिसरातला घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला आला. मुंबईचा घाऊक तेलभाव दर 10 किलोंवर बोलला जातो. 1989 मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले, आणि आयात तेलासाठी तिथे मोठ्या टाक्या उभ्या राहिल्या. टाकीतले तेल तराजूवर चढवता येत नाही. सर्वेक्षक टाकीत मोजपट्टी सोडून तेलाची पातळी घेतो, तापमान नोंदवतो, टाकीच्या तक्त्यावरून लिटर काढतो आणि त्या तापमानाच्या घनतेने गुणून टन ठरवतो. इथे तापमानाशिवाय हिशेब पुराच होत नाही.

किरकोळीत लिटरचा जोर वाढला तो पिशवीबंद तेलामुळे. 1998 मध्ये दिल्लीत पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या भेसळीचे मोहरीचे तेल खाऊन अनेकांचा बळी गेला, आणि केंद्राने खाद्यतेल पॅकबंद विकण्याचा आदेश काढला. धडा करण्याची रीत मागे पडली. पिशवीवर लिटर आणि ग्रॅम दोन्ही छापले जाऊ लागले. मात्र काही उत्पादक 60 अंश तापमानाचे लिटर धरत. तापल्यावर तेल पसरते, म्हणून एक लिटर सोयाबीन तेल 21 अंशांना सुमारे 919 ग्रॅम, तर 60 अंशांना 893 ग्रॅमच भरते. ग्राहकाच्या वाट्याचे हे 26 ग्रॅम नुसत्या छपाईत जात होते. ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाचा उल्लेख काढून टाकण्यास सांगितले आणि त्यासाठी 15 जानेवारी 2023 ही मुदत दिली.

याच सुमारास पॅकच्या ठरावीक आकारांचे बंधन उठले आणि एकक भाव छापण्याचा नियम आला. तो भाव एका पॅकवर किलोचा, तर दुसऱ्यावर लिटरचा असू शकतो. तुलनेसाठी किलोच्या भावाला 0.91 ने गुणावे: किलोला 150 रुपये, तर लिटरला 136 रुपये 50 पैसे.