मुंबईच्या विहिरी आणि हिवताप-संशोधन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

नैसर्गिक संसाधनांविषयीच्या शास्त्रीय संशोधनाचा इतिहास बहुधा शोधांच्या क्रमाने लिहिला जातो. एखाद्या शोधाच्या आधारे प्रशासनाने कोणता उपाय निवडला आणि त्या निवडीचे परिणाम किती काळ टिकले, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत हिवतापाच्या डासाविषयी झालेले संशोधन व त्यामुळे दक्षिण मुंबईतील विहिरींवर आलेली बंदी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. हे संशोधन अचूक होते. मात्र त्यातून निघालेला उपाय एकच नव्हता, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

विहिरींचे शहर

तलावांचे पाणी नळाने येण्यापूर्वी मुंबई बेट विहिरी व तळी यांवरच अवलंबून होते. मलबार टेकडीच्या पायथ्याशी व समुद्रालगत असलेल्या गिरगावात वाड्यांच्या चौकांत आणि घरांच्या अंगणांत विहिरी होत्या. समुद्रालगतच्या भूस्तरात पावसाचे मुरलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याच्यावर तरंगत राहते. मर्यादित उपसा केल्यास किनाऱ्यालगतची विहीरही गोडी राहते. आजच्या चर्चगेट परिसरातील, 1725 मधील भिका बेहराम विहीर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. कावसजी पटेल तलाव व धोबीतलाव ही तळी पुढे बुजली, तरी त्यांची नावे आजही वस्त्यांना चिकटून आहेत.

1854 च्या टंचाईत हा आधार अपुरा ठरला व बाहेरून पाणी आणावे लागले. त्यानंतर हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेनुसार विहार तलाव (1860), पुढे तुळशी (1879) व तानसा (1892) या योजना पूर्ण झाल्या. नळाचे पाणी आल्यानंतरही विहिरी वापरातून गेल्या नाहीत. देवपूजा, सोवळ्यातील स्वयंपाक, पारशी समाजाचे अग्निमंदिरातील विधी यांसाठी विहिरीचेच पाणी लागे. नळ तुटला वा पाऊस लांबला, तर आधार म्हणूनही लोक विहीर राखून ठेवीत.

परळची प्रयोगशाळा व डासाचा शोध

1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली व 1899 मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. 1906 मध्ये ती बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी झाली व 1925 मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. या संस्थेशी दीर्घकाळ संबंधित असलेले विल्यम ग्लेन लिस्टन यांनी तत्पूर्वीच वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे डासांच्या सवयींचे निरीक्षण केले होते. 1901 मध्ये त्यांनी वर्णन केलेली डासाची एक जाती आज ‘अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी’ या नावाने ओळखली जाते. हिवतापाचा जंतू डासाच्या शरीरात वाढतो, हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे 1897 मध्ये दाखविले होते. त्यानंतर कोणता डास कोठे वाढतो, हा प्रश्न संशोधनाच्या केंद्रस्थानी आला.

गोदीच्या बांधकामाच्या काळात बंदर परिसरात हिवताप बळावला. लिस्टन यांनी 1908 मध्ये त्या साथीवर लेखन केले. त्यानंतर डॉ. चार्ल्स बेंटली यांनी शहराची पाहणी करून 1911 मध्ये आपला अहवाल सादर केला. या संशोधनातून पुढे आलेली गोष्ट त्या काळच्या समजुतीला छेद देणारी होती. हिवताप दलदलीतून व घाणीतून येतो, अशी जुनी धारणा होती; मुंबईतील मुख्य वाहक असलेला स्टीफेन्सी मात्र स्वच्छ, स्थिर पाण्यात, म्हणजे विहिरी, टाक्या व हौद यांत वाढत होता. ज्या पाण्याला लोक पवित्र व निर्मळ मानीत, तेच रोगाचे उगमस्थान ठरले.

बंदी, विरोध आणि तडजोड

बेंटली यांच्या अहवालानंतर महानगरपालिकेने विहिरी बुजविण्याचे वा डासरोधक झाकणाने बंद करण्याचे धोरण अवलंबिले. या धोरणाला हिंदू व पारशी समाजांतून विरोध झाला. विहीर बुजविणे हा अनेकांना अधर्म वाटे, तर पूर्ण झाकलेल्या विहिरीचे पाणी विधीला चालेल का, अशीही शंका होती. या संघर्षाच्या पार्श्वभूमीवर महापालिकेचे तत्कालीन सचिव रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी मुंबईतील विहिरींशी निगडित श्रद्धांचा अभ्यास केला. त्यांचा ‘फोकलोअर ऑफ वेल्स’ हा ग्रंथ 1918 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशासनाच्या आतील व्यक्तीने विरोधाची मुळे समजून घेण्याचा केलेला हा प्रयत्न उल्लेखनीय आहे.

शास्त्रीयदृष्ट्या पाहता डासाची मादी पाण्यापर्यंत पोहोचू न देणे एवढेच आवश्यक होते. बारीक जाळी व पाणी काढण्यापुरते घट्ट बसणारे दार यांनी ते साध्य होत असे. बुजविणे हा कायमचा व देखरेख न मागणारा मार्ग होता, तर झाकणाला सतत तपासणी लागे. 1928 मध्ये गॉर्डन कोव्हेल यांना मुंबईतील हिवतापावर पुन्हा स्वतंत्र अहवाल लिहावा लागला, यावरून विहिरींवरील कारवाईने प्रश्न संपला नव्हता, हे दिसते. बांधकामाची टाकी, कारंजे व गच्चीवरील उघडी पिंपे ही डासाची ठिकाणे शिल्लकच होती.

समकालीन संदर्भ

हाच डास 2012 मध्ये आफ्रिकेतील जिबूती येथे आढळला आणि 2022 मध्ये इथिओपियातील डिरे दावा शहरात हिवतापाच्या उद्रेकाशी त्याचा संबंध दिसून आला. मुंबईच्या संशोधनाचे महत्त्व त्यामुळे ओसरलेले नाही. दुसऱ्या बाजूने, आज दूरच्या अंतरावरून पाणी आणणाऱ्या मुंबईत टँकरचा व्यवसाय खाजगी विहिरी व कूपनलिकांवर चालतो. भूजल-परवान्याच्या नियमांवरून एप्रिल 2025 मध्ये टँकरचालकांनी संप केला, तेव्हा महापालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन टँकर व विहिरी ताब्यात घेण्याचा निर्णय करावा लागला. शतकापूर्वी धोका म्हणून पाहिलेली विहीर अशा रीतीने शहराच्या निकडीच्या साठ्यात गणली गेली.

निष्कर्ष

1. विहिरींविषयीचे हिवताप-संशोधन ग्राह्य होते. ते नाकारून विहिरींचे समर्थन करता येत नाही.

2. वाहकाचे ज्ञान पाण्याच्या मूल्याविषयी काही सांगत नाही. तलावांच्या पाण्यावरील विश्वासामुळे भूजलाचा विचार निर्णयातून वगळला गेला.

3. श्रद्धेपोटी झालेल्या विरोधामुळे काही विहिरी बुजण्याऐवजी झाकल्या गेल्या व टिकल्या. विरोधकांची कारणे शास्त्रीय नव्हती, तरी परिणाम संसाधनाच्या रक्षणाचा झाला.

4. उर्वरित विहिरींची नोंद, जाळीची नियमित तपासणी, गप्पी माशांचा वापर व पाण्याच्या पातळीचे मोजमाप एकाच यंत्रणेने केल्यास आरोग्य व पाणी यांपैकी एकाचा बळी देण्याची वेळ येणार नाही.