मिग आणि ओझरचा विमान कारखाना

मिग : सोव्हिएट संघात १९३९ मध्ये सुरू झालेले, लढाऊ विमानांच्या रचनेसाठी जगभर नावाजलेले विमानरचना कार्यालय. आर्त्योम इवानोविच मिकोयान (१९०५–७०) आणि मिखाइल योसिफोविच गुरेविच (१८९३–१९७६) या संस्थापकांच्या आडनावांवरून त्याचे नाव पडले. भारतात या कार्यालयाच्या विमानांची उभारणी झाली ती नाशिक जिल्ह्यातील ओझर (ता. निफाड) येथे, हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या (एचएएल) कारखान्यात. ओझर मुंबई–आग्रा महामार्गावर आहे. कारखाना आणि त्याची वसाहत मिळून जे गाव उभे राहिले त्याला नाशिक परिसरात आजही ‘ओझर मिग’ म्हणतात, आणि कारखान्यातला माणूस ‘मिगमध्ये नोकरीला’ असतो.

स्थापना : मिकोयान मूळचे आर्मेनियातील सानाहिन गावचे. त्यांचे थोरले बंधू अनास्तास मिकोयान हे स्टालिनच्या मंत्रिमंडळात होते. गुरेविच वयाने आणि अनुभवाने मोठे; त्यांचे काही शिक्षण फ्रान्समध्ये झालेले. त्या काळचे मान्यवर विमानरचनाकार निकोलाय पोलिकार्पोव्ह १९३९ च्या अखेरीस जर्मनीच्या दौऱ्यावर असताना, मॉस्कोच्या विमान कारखाना क्र. १ मध्ये एक नवा प्रायोगिक विभाग काढण्यात आला. पोलिकार्पोव्ह यांची काही माणसे आणि त्यांनी आखलेले एक नवे लढाऊ विमान, दोन्ही मिकोयान यांच्या हवाली झाले. मिगच्या कोणत्याही प्रामाणिक इतिहासात पोलिकार्पोव्ह यांचे हे ऋण पहिल्याच पानावर नोंदवायला हवे.

त्या आराखड्यातून घडलेले मिग-१ एप्रिल १९४० मध्ये उडाले. त्याची सुधारित आवृत्ती मिग-३ तीन हजारांहून अधिक संख्येने बांधली गेली. हे विमान उंचावर वेगवान होते. पण जर्मनीशी झालेल्या लढाया बहुतेक कमी उंचीवर झाल्या आणि तिथे ते जड पडे. ज्या कारखान्यातून त्याचे इंजिन येई, त्याच कारखान्याला इल-२ या हल्ला विमानासाठी इंजिने बनवायची होती. युद्धाची निकड पाहून १९४१ च्या अखेरीस मिग-३ चे उत्पादन थांबवण्यात आले. युद्धाची उरलेली वर्षे कार्यालयाने प्रयोग करण्यात घालवली.

जेट युग : जर्मन इंजिनाच्या सोव्हिएट प्रतीवर चालणारे मिग-९ हे कार्यालयाचे पहिले जेट २४ एप्रिल १९४६ रोजी उडाले. खरी उडी त्यानंतरची. १९४६ मध्ये ब्रिटनच्या मजूर सरकारने रोल्स-रॉइस कंपनीची ‘नीन’ जेट इंजिने सोव्हिएट संघाला विकण्यास मान्यता दिली. त्यासाठी ब्रिटनला गेलेल्या शिष्टमंडळात स्वतः मिकोयान होते. त्या इंजिनाभोवती, मागे वळवलेल्या पंखांचे मिग-१५ रचले गेले. १९५० च्या नोव्हेंबरात ते कोरियाच्या आकाशात दिसले आणि अमेरिकेला आपली सरळ पंखांची जेट विमाने एका रात्रीत जुनी झाल्याचे कळून चुकले. पुढे मिग-१७ आणि ध्वनीपेक्षा वेगवान मिग-१९ आले.

मिग-२१ : १९५० च्या दशकाच्या मध्यावर या विमानाचे नमुने उडू लागले आणि दशक संपता संपता ते सोव्हिएट हवाई दलात दाखल झाले. लांब नळीसारखे धड, पंखांचा विस्तार जेमतेम सव्वासात मीटर, त्रिकोणी पंख आणि नाकाशीच हवा आत घेणारे गोल तोंड. त्या तोंडात एक शंकू असतो. वेग वाढेल तसा तो पुढे सरकतो, ध्वनीपेक्षा वेगाने येणारी हवा त्याच्या टोकाशी मंदावते आणि इंजिनाला सोसेल अशा गतीने आत जाते. एकाच इंजिनावर हे विमान ध्वनीच्या दुप्पट वेग गाठे. विमानाची बांधणी इतकी साधी होती की मोठी औद्योगिक परंपरा नसलेल्या देशालाही ते बांधता येईल. मिग-२१ चे खरे मोठेपण या साधेपणात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सर्व देशांत मिळून अशी ११ हजारांहून अधिक विमाने तयार झाली.

याच साधेपणाची किंमतही होती. छोट्या त्रिकोणी पंखांमुळे विमान ताशी ३०० किमी.हून अधिक वेगाने धावपट्टीवर टेकवावे लागे. पुढचे दृश्य अपुरे, इंधन थोडे, आणि इंजिन एकच.

भारतात आगमन : अमेरिकेने पाकिस्तानला एफ-१०४ विमाने दिल्यावर भारताला तोडीचे विमान हवे होते, आणि ते देशातच बांधण्याचा हक्कही. पाश्चात्त्य देशांकडून तो मिळेना. सोव्हिएट संघाने दिला. १९६२ मध्ये करार झाला आणि १९६३ मध्ये २८ व्या स्क्वाड्रनकडे पहिली मिग-२१ विमाने आली. उत्पादनासाठी ऑगस्ट १९६३ मध्ये एरोनॉटिक्स इंडिया लि. ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १ ऑक्टोबर १९६४ रोजी तिचे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टशी विलीनीकरण होऊन आजची एचएएल अस्तित्वात आली.

काम तीन ठिकाणी वाटले गेले : इंजिने ओरिसातील कोरापुट येथे, इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा व अंतिम जुळणी ओझरला. ओझरच्या निवडीकडे पाहताना हेही लक्षात घ्यावे : चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले होते, आणि १९६३ मध्ये ते लोकसभेवर बिनविरोध निवडून आले ते नाशिकमधूनच. द्राक्षांच्या तालुक्यात विमानाचा कारखाना, ही घटना नाशिकच्या औद्योगिक इतिहासात कोनशिलेच्या जागी आहे.

ओझरला काम टप्प्याटप्प्याने शिकले गेले. आधी सोव्हिएट संघातून आलेले मोठे भाग जोडायचे, मग लहान भागांपासून विमान उभे करायचे, आणि शेवटी कच्च्या धातूपासून सुटे भाग इथेच घडवायचे. येथून प्रथम बाहेर पडलेले मिग-२१ एफएल हवाई दलात ‘टाइप ७७’ म्हणून ओळखले जाई. त्यानंतर मिग-२१ एम आणि मिग-२१ बिस. एचएएलने एकूण ६५७ मिग-२१ बांधली. पुढे मिग-२७ चे उत्पादन झाले, आणि सव्वाशे मिग-२१ बिस विमानांना नवे रडार व नवी क्षेपणास्त्रे देऊन ‘बायसन’ रूप देण्याचे कामही येथे झाले.

एफएलमध्ये अंगभूत तोफच नव्हती; दोन क्षेपणास्त्रांवर सारी भिस्त. ती उणीव भरून काढण्यासाठी पोटाखाली जोडायची तोफ-पेटी देण्यात आली. १९७१ च्या युद्धात हीच विमाने चमकली. १४ डिसेंबरला त्यांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटे डागली आणि पूर्व पाकिस्तानच्या सरकारचा धीर सुटला.

अपघात : भारतातील मिगची नोंद या प्रकरणाशिवाय पुरी होत नाही. संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये संसदेत सांगितले की, घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गमावली, त्यात १७१ वैमानिकांचे प्राण गेले. याचा सारा दोष विमानाला देणे अन्यायाचे होईल. नवखा वैमानिक ‘किरण’सारख्या मंद प्रशिक्षण विमानावरून थेट मिग-२१ मध्ये बसे. मधली पायरी म्हणून प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे, अशी शिफारस ला फोंतेन समितीने १९८२ मध्ये केली. ‘हॉक’ हे तसे विमान हवाई दलात आले २००८ मध्ये. मधली सव्वीस वर्षे हा दिरंगाईचा अक्षम्य काळ होय. पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगड येथे मिग-२१ च्या अपघातात मृत्युमुखी पडले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी या प्रश्नावर दीर्घकाळ आवाज उठवला, आणि गाडगीळ कुटुंबाने पुण्यात ‘जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट’ ही प्रशिक्षण संस्था सुरू केली.

मिकोयाननंतर : गुरेविच १९६४ मध्ये निवृत्त झाले, मिकोयान यांच्या निधनानंतर सूत्रे रोस्तिस्लाव बेल्याकोव्ह यांच्याकडे आली. ध्वनीच्या तिपटीजवळ जाणारे, बरेचसे पोलादाचे मिग-२५ आणि दोन इंजिनांचे चपळ मिग-२९ (पहिले उड्डाण १९७७) ही नंतरची महत्त्वाची विमाने. ती दोन्ही भारताने घेतली. मिग-२९ चे नौदलासाठीचे रूप, मिग-२९ के, गोव्यातील आयएनएस हंसा तळावर आहे.

सोव्हिएट संघ कोसळल्यावर मागणी आटली. लांब पल्ल्याच्या सुखोई विमानांना गिऱ्हाईक मिळाले, मिगला मिळेना. २००६ मध्ये कार्यालय रशियाच्या संयुक्त विमान महामंडळात सामावले गेले. ओझरलाही हा बदल जाणवला : २००४ पासून येथून सुखोई-३० एमकेआय विमाने बाहेर पडू लागली आणि भारताच्या २७२ पैकी २२२ एचएएलने बांधली.

भारतीय हवाई दलातून मिग-२७ डिसेंबर २०१९ मध्ये आणि मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे निवृत्त झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओझरच्या कारखान्यात देशी तेजस एमके-१ए विमानाची नवी उत्पादनरांग सुरू झाली. शेजारच्या हवाई दलाच्या ११ व्या दुरुस्ती आगारात मात्र मिग-२९ ची देखभाल चालू आहे.