नाण्याचे वजन आणि भर्तृहरीचे श्लोक

विज्ञान-गणिताच्या पदवी शिक्षणाला इतर विद्याशाखांची जोड हवी, असे आज सर्वत्र म्हटले जाते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही त्याचाच पुरस्कार केला आहे. मात्र अशी जोड नेमकी कशी जुळते, हे पाहण्यासाठी दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्याकडे वळावे लागते. १९३३पासून सुमारे बारा वर्षे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते.

संख्याशास्त्र स्वतः शिकताना प्रत्यक्ष सरावासाठी त्यांनी जी सामग्री निवडली, तीत विद्यार्थ्यांचे परीक्षेतील गुण होते आणि प्राचीन आहत नाणीही होती. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. त्यामुळे एका काळी पाडलेल्या नाण्यांचे सरासरी वजन घटत जाते आणि त्यांच्या वजनांतील परस्परफरक वाढत जातो. हे गृहीतक त्यांनी चलनातील नाणी तोलून पडताळले. पण ही प्राचीन नाणी पाडली कोणी? याचे उत्तर तराजूपाशी नव्हते. त्यासाठी त्यांना संस्कृत ग्रंथांकडे जावे लागले.

१९४८मध्ये त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. शेकडो हस्तलिखिते ताडून श्लोकांचे गट पाडले. त्यांतील पहिल्या, सर्वाधिक विश्वसनीय गटात २०० श्लोक आहेत. हातोहात फिरताना नाणे झिजते, तर लेखकांच्या हातून फिरताना संहितेत भर पडते. दोन्हीकडे प्रश्न एकच: साचलेल्या बदलांतून मूळापर्यंत कसे पोहोचायचे? १९४४मध्ये त्यांनी जनुकांमधील अंतर मोजण्यासाठी मांडलेले सूत्र आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

‘सुभाषितरत्नकोश’ या संग्रहाची १९५७ची आवृत्ती मात्र एकट्याची नव्हे. बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक वा. वि. गोखले यांच्यासह त्यांनी ती संपादिली. गणिती आणि संस्कृतज्ञ एकाच पाठापुढे बसले, ते कोणत्या अभ्यासक्रमाच्या सक्तीने नव्हे. पाठ निश्चित करण्याचे काम दोघांचेही होते म्हणून.

असामान्य व्यक्तीच्या व्यासंगावर अभ्यासक्रम उभा राहत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु पद्धत शिकविता येते. पाठचिकित्सेच्या तासाला गणिताच्या विद्यार्थ्याला बोलवावे आणि पाठभेदांची मोजदाद त्याच्याकडे सोपवावी; कोणता भेद महत्त्वाचा, हे त्याला साहित्याच्या विद्यार्थ्याने सांगावे. दोन विषय एका वेळापत्रकात बसविणे सोपे असते. दोघांना एकमेकांवाचून सोडविता येणार नाही असा प्रश्न शोधणे, हे अध्यापकाचे खरे काम आहे.