बावखल बुजते तेव्हा

वसईचा इतिहास लिहायला बसले की लेखणी हटकून किल्ल्याकडे वळते. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मला मात्र गेली काही वर्षे किल्ल्यापेक्षा वाड्या खुणावतात. तिथला इतिहास कागदावर कमी आणि कादोडी बोलीत जास्त आहे.

कादोडी, म्हणजेच सामवेदी बोली, सामवेदी ब्राह्मणांच्या घरात आहे आणि कुपारी ख्रिस्ती घरांतही. ‘कुपारी’ या नावाचे मूळ पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’त सांगतात. धर्म बदलला, घरची बोली टिकली. कारण दोन्हीकडे पोट वाडीवरच होते.

त्या वाडीचा जीव म्हणजे बावखल. पावसाचे पाणी साठवणारे, जमिनीत मुरवणारे खोदीव तळे. समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत असते. उपसा बेताचा असला तरच ते गोडे राहते. रहाटाला तो बेत आपोआप सांभाळावा लागे. पंप आणि टँकर आले तसा तो सुटला. याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी ‘हरित वसई’ची चळवळ उभारली. तरीही इमारतींसाठी बावखले बुजतच राहिली. २००९ मध्ये तर महापालिकाच आली.

बावखल बुजले की पाण्याबरोबर त्याभोवतीची बोलीही आटते. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून सुकेळी करतात. फळ कितपत पिकलेले घ्यायचे, कधी उलटायचे, हे शब्द हाताबरोबरच शिकले जातात. नुसत्या शब्दकोशातून ते कळत नाहीत.

कॅनडातील कायुगा लोकांपुढे हाच पेच आहे. भाषा अस्खलित बोलणारे थोडे, तेही बहुतेक वयस्क. अशाच संकटातल्या कॅलिफोर्नियातील आदिवासी भाषांसाठी १९९० च्या दशकात एक साधी पद्धत रुजली: एक जाणता, एक शिकणारा, रोजचे काम सोबत आणि मधे इंग्रजी नाही.

आपल्याकडे याला अनुदान लागणार नाही. एक आजोबा किंवा आजी, एक नातू आणि न बुजवलेले एक बावखल पुरे. पहिल्या पावसापासून उन्हाळ्याच्या तळापर्यंत दोघांनी पाणी पाहावे आणि त्याविषयी कादोडीतच बोलावे. ध्वनिमुद्रण अवश्य करावे. पण मुद्रित आवाजाला प्रश्न विचारता येत नाही, आजीला येतो. तोही फार वर्षे येणार नाही.