प्रश्न विचारणारा आमदार बिनकामाचा नसतो

अकोला असो की अमरावती, निवडणूक जवळ आली की एक मत हमखास ऐकू येते : सभागृहात प्रश्न विचारून काही होत नाही, मंत्र्याच्या दालनात ज्याची ऊठबस, तोच निधी आणतो. हे मत अगदीच निराधार नाही. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे धावणाऱ्या शकुंतला या नॅरोगेज रेल्वेच्या ब्रॉडगेजची मागणी वर्षानुवर्षे झाली, घोषणाही झाल्या. हाती आले ते एवढेच की जुनी गाडीही बंद पडली. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी आजही खारेच आहे. मग प्रश्न मांडून मिळाले काय?

याचे उत्तर अनुशेषाच्या, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागाच्या थकलेल्या वाट्याच्या, इतिहासात आहे. विदर्भावर अन्याय होतो, ही एके काळी केवळ भाषणातली तक्रार होती. विधिमंडळात आणि बाहेर ती लावून धरली गेली आणि १९८३ साली सरकारने वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. १९८४च्या अहवालाने तक्रारीचा हिशेब मांडला : राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये, त्यात विदर्भाचा वाटा जवळपास ३९ टक्के. त्याच वर्षी दोन्ही सभागृहांनी वैधानिक विकास मंडळांची मागणी करणारा ठराव केला. १९९४मध्ये मंडळे आली आणि निधीच्या न्याय्य वाटपाची जबाबदारी राज्यपालांवर आली.

हे आकडे जिवंत ठेवणाऱ्यांत अमरावतीचे प्रा. बी. टी. देशमुख अग्रभागी होते. पदवीधर मतदारसंघातून १९८० ते २०१० ते विधान परिषदेत होते. मंत्री कधीच झाले नाहीत. नियमांचे पुस्तक आणि सरकारचेच आकडे ही त्यांची शिदोरी. वाटपाचा वाद त्यांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत नेला. अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलडाणा या चार जिल्ह्यांचा सिंचन अनुशेष कोणत्याही सरकारला नाकारता आला नाही, यामागे अशा चिकाटीचे बळ आहे.

मंत्र्याला दिलेले निवेदन त्याच्या मर्जीवर असते. सभागृहात स्वीकारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते. छापील तारांकित प्रश्नाची घडण पाहा : ‘हे खरे आहे काय?’, ‘असल्यास, कोणती कार्यवाही केली?’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ मंत्र्याने ‘हे खरे आहे’ असे लिहिले की ती शासनाची लेखी कबुली होते. पुढचा आमदार, पत्रकार, वकील, शेतकरी, कोणीही तिचा आधार घेऊ शकतो. जवळिकीने आणलेला निधी पालकमंत्री बदलला की दुसऱ्या तालुक्याकडे वळतो. कबुली मात्र नोंदीत राहते. जवळिकीतून एखादा रस्ता होईल. चार जिल्ह्यांचा सिंचनातला न्याय्य वाटा त्यातून मिळत नाही.

मग शकुंतलेचे काय? तिथे दोष पाठपुराव्याच्या अभावाचा आहे. ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ हे उत्तर ऐकून सदस्य खाली बसला की प्रश्न तिथेच मरतो. तोच धागा धरून अर्धा तास चर्चा मागता येते, लक्षवेधी लावता येते, अर्थसंकल्पात कपात सूचना देता येते. मंत्र्याने शब्द दिला असेल तर तो आश्वासन समितीपुढे नेता येतो. ही हत्यारे विधिमंडळाच्या नियमांतच आहेत आणि संसदेतही त्यांच्या जोडीची साधने आहेत. ती न वापरणाऱ्याचा आळस प्रश्नोत्तरांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

म्हणून वऱ्हाडच्या मतदाराने आपला मापदंड बदलावा. मंत्र्यासोबतचे फोटो मोजू नयेत. आमदार-खासदार दारात आले की त्यांना विचारावे : आमच्या पाण्याबद्दल, आमच्या रेल्वेबद्दल तुम्ही कोणता प्रश्न विचारला, उत्तर काय मिळाले आणि त्या उत्तरानंतर तुम्ही काय केले?