भाकरी आफ्रिकेची, तूर आपली

महमूद गवानाने बिदरचा मदरसा १४७२ मध्ये उभारला. त्या काळी बिदर-गुलबर्ग्याच्या कोणत्याही ताटात मिरची नव्हती, शेंगदाणा नव्हता, बटाटा-टोमॅटोही नव्हते. ही सगळी मंडळी अमेरिका खंडातली. कोलंबस तिकडे पोचला १४९२ मध्ये आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतले १५१० मध्ये. तोवर तिखटाला मिरी होती. म्हणजे ज्या शेंगाचटणीवाचून आपले जेवण सरत नाही, ती गवानाला ठाऊकच नव्हती. साबुदाण्याची तर आणखी मौज. तो ज्या कंदापासून होतो तो मूळचा ब्राझीलकडचा, तरी आपल्या एकादशीला चालतो!

भाकरीवरून आपल्याकडे लटका वाद रंगतो. ती मराठी भाकरी की कन्नड जोळद रोट्टी? ज्वारी मुळात सुदानकडची. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली, तेव्हा आजची मराठीही नव्हती आणि कन्नडही नव्हती. सुदानात अजून ज्वारीचे पीठ आंबवून तव्यावर पातळ किसरा करतात.

तूर मात्र अस्सल इथली. ओडिशा-बस्तरच्या रानांत तिचे जंगली भाईबंद आजही सापडतात. ज्वारी जिकडून आली त्या आफ्रिकेत आपली तूर गेली आणि तेथून गुलामांच्या जहाजांबरोबर कॅरिबियन बेटांवर. पोर्तो रिकोत सणासुदीला तुरीचे दाणे घालून भात करतात. बार्बाडोसमध्ये ती कबुतरांना घालत, म्हणून इंग्रजीत तिचे नाव पडले पिजन पी. आपल्या वरणाचा याहून मोठा अपमान आम्हांला तरी आठवत नाही. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण मोझांबिक, मलावी, टांझानियाची तूर आता जहाजाने इकडे येते आणि इथल्या शेतकऱ्याला पावसाइतकीच त्या जहाजांची धास्ती असते. शहरात डाळ महागली म्हणून कुरकुरणारे आणि गावाकडे तुरीला भाव नाही म्हणून हळहळणारे आपल्यात एकाच घरातले असतात.

१ नोव्हेंबर १९५६ ला बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, आपण म्हैसूर राज्यात राहिलो. सोयरेधायरे वाटले गेले. मार्गशीर्षातली अमावस्या मात्र दोन्हीकडे राहिली. कन्नडात ती एळ्ळ अमावस्या, एळ्ळु म्हणजे तीळ. उदगीर-लातूरकडे तीच वेळा अमावस्या, बोलण्यात येळवस. त्या दिवशी गावे ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याच्या कोपीत पूजा होते. मग ओल्या तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे दाणे आणि मिळतील त्या भाज्या बेसनात शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. लातूरचे पाहुणे आले, की भज्जी कुणाकडची चांगली यावर हटकून बोलणे निघते. त्यात आम्हांला कुणी पंच नेमू नये.