‘सोडला’ की ‘राहिला’? शिरूर-दौंडमधल्या अर्ध्या गेमचा इतिहास

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पीएच.डी.च्या प्रवेशासाठी संशोधन आराखडा लिहीत असतील. विषय, उद्दिष्टं, गृहीतक हे सगळं आपण दहा वेळा तपासतो, पण प्रश्नातल्या क्रियापदाकडे सहसा कोणी बघत नाही. आज एकाच क्रियापदाबद्दल बोलू. प्रश्न असा आहे: खेळाडू व्हिडिओ गेम शेवटापर्यंत न नेता का सोडतात?

प्रश्न काही नवा नाही. गेम बनवणाऱ्या कंपन्या तो विचारतात, मानसशास्त्रवाले विचारतात, डिझाइन शिकवणारेही विचारतात. उत्तरंही साधारण ठरलेली आहेत. गेम फार लांब होता, मध्येच अवघड झाला, कंटाळा आला, दुसरा नवा आला. म्हणजे काय, तर खेळाडूनं एक निर्णय घेतला आणि आपण त्या निर्णयाचं कारण शोधतोय.

आता हाच प्रश्न घेऊन शिरूर किंवा दौंड तालुक्यात पस्तीस-चाळिशीच्या माणसांसमोर बसा. मारिओ का सोडलात, असं विचारलं की समोरचा जरा अडखळतो. उत्तर येतं ते दुसऱ्याच क्रियापदात. तो ‘सोडला’ म्हणत नाही, ‘राहिला’ म्हणतो.

मराठी बोलणाऱ्याला हा फरक समजावून सांगायची गरज नाही. सोडणाऱ्याच्या हातात काहीतरी असतं. राहणं मात्र आपोआप होतं, किंवा दुसऱ्या कुणामुळे तरी होतं. ‘शाळा सोडली’ आणि ‘शिक्षण राहिलं’ ही दोन वाक्यं घ्या. सरकारी तक्त्यात दोन्ही मुलं ‘गळती’ या एकाच रकान्यात जातात. पण जी बाई ‘माझं शिक्षण राहिलं’ म्हणते, तिला ‘तुम्ही शिक्षण का सोडलंत?’ असं विचारलं, तर तिनं कधी घेतलाच नव्हता असा निर्णय आपण तिच्या नावावर टाकतो. प्रश्नावलीत एकदा ‘का सोडलंत’ छापलं गेलं की पुढची सगळी कोष्टकं त्याच दिशेनं जातात. गेमचा विषय त्या मानानं किरकोळ वाटेल. म्हणूनच सरावाला तो बरा आहे.

आधी हे बघा की ‘पूर्ण न केलेला गेम’ ही मोजण्याजोगी गोष्ट कधी झाली. मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स ३६० हे यंत्र २००५ च्या नोव्हेंबरात आलं आणि त्याच्याबरोबर ‘अचिव्हमेंट’ आल्या. अमुक टप्पा पार केला की खात्यावर नोंद. २००७ मध्ये स्टीम या संगणकावरच्या दुकानातही त्या आल्या. तेव्हापासून कुठल्याही गोष्टीप्रधान गेमचा शेवट किती टक्के लोकांनी पाहिला, हे बसल्या जागी कळू लागलं. अनेक गाजलेल्या गेममध्ये हे प्रमाण निम्म्याहूनही कमी दिसतं. ‘लोक गेम का सोडतात’ या चर्चेला आज जे बळ आलंय, ते बरंचसं या आकड्यांमधून आलंय. पण या नोंदीत यायला खातं लागतं, इंटरनेट लागतं, आणि बहुतेक वेळा विकत घेतलेली प्रत लागते. घोडनदीच्या बाजारपेठेत मल्टी-कार्ट्रिज लावून खेळणारं पोर त्यात येत नाही. विषय त्याचाही आहे, आकडा मात्र त्याचा नाही.

आता क्रमानं मागे जाऊ.

पार्लरच्या गेमला शेवट असायलाच हवा असं नव्हतं. १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स किंवा १९८० चा पॅकमॅन संपवायचा म्हणून कोणी बनवला नव्हता. पॅकमॅनच्या २५६ व्या पातळीला अर्धा पडदा निरर्थक अक्षरांनी भरतो, तो शेवट नव्हे. आठ बिटांच्या आकड्यात पुढचं मोजायला जागा उरत नाही, म्हणून यंत्राची गणना तिथे फसते. नाण्यावर चालणाऱ्या यंत्राच्या मालकाला खेळाडू लवकर हरायला हवा असतो, कारण मागे रांग असते. म्हणजे मध्येच बाहेर पडणं हाच त्या यंत्राचा धंदा होता.

आपल्याकडे पार्लर म्हटलं की एक नाव हमखास निघतं: मुस्तफा. खरा गेम कॅपकॉमचा, १९९३ चा, नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. त्यातल्या चार पात्रांपैकी एकाचं नाव मुस्तफा आणि आपल्याकडे अख्ख्या गेमचं तेच नाव पडलं. याला मात्र शेवट आहे, आठ टप्प्यांनंतर. पण मेलात की पडद्यावर उलटी मोजणी सुरू होते, आणि ती संपायच्या आत आणखी एक कॉइन टाकायचा. शेवटाला पैसे पडतात! आठव्या टप्प्यापर्यंत पोचायला कसब लागायचं, नाहीतर खिसा. खिसा संपला तर गेम ‘राहायचा’.

इथे एक गोष्ट पाश्चात्त्य लिखाणात फारशी येत नाही. पार्लरमध्ये खेळणाऱ्यांपेक्षा बघणारे जास्त असायचे. एखादा पटाईत मुलगा मुस्तफा संपवायचा आणि त्याच्या खांद्यावरून दहा जण शेवट बघायचे. त्या दहा जणांनी गेम पूर्ण केला की नाही? त्यांना विचारलंत तर ‘शेवट बघितलाय’ असं ठामपणे सांगतील, आणि त्यांचं चूक नाही. आणखी एक, पार्लरच्या या आठवणी जवळजवळ सगळ्या मुलग्यांच्या आहेत. मुलींच्या आठवणी घरातल्या टीव्हीपाशी सापडतात. त्या वेगळ्या विचाराव्या लागतात, नाहीतर तुमचा ‘खेळाडू’ नकळत पुरुषच राहतो.

पार्लरच्या इतिहासाला कागद शोधायचा असेल तर महसूल खात्याकडे वळा. १९२३ च्या करमणूक शुल्क कायद्याखाली व्हिडिओ गेमही येत असत आणि २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत जिल्हाधिकारी कार्यालयात करमणूक शुल्काचं काम चालायचं. परवाना, यंत्रांची संख्या, भरणा अशा गोष्टी अशा कामातच लिहिल्या जातात. खेळाडूच्या मनातलं त्यात काही सापडणार नाही, पण पार्लर कुठे आणि कधी होतं याचा माग लागू शकतो.

आता घरातला गेम. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा हा भाग आहे.

निन्टेन्डोचं फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आलं. आपल्या गावांत ते मूळ रूपात फारसं आलं नाही, त्याच्या नकला आल्या. ‘लिटल मास्टर’, ‘मीडिया’ आणि पुढे नावं बदलत गेलेले असंख्य डबे. सोबत पिवळं किंवा लाल कार्ट्रिज, वर ‘९९९९९९९ इन १’ असा अचाट आकडा, आणि आत तेच पाच-पंचवीस गेम फिरून फिरून. सुपर मारिओ (१९८५) त्यात असायचाच. आठ जग, प्रत्येकात चार, म्हणजे ३२ पातळ्या. आणि सेव्ह करायची सोय नाही. १९८७ मध्ये अमेरिकेत आलेल्या झेल्डाच्या कार्ट्रिजमध्ये छोटी बॅटरी होती, तिच्या जोरावर खेळ जपून राहायचा. आपल्या स्वस्त मल्टी-कार्ट्रिजमध्ये अशी बॅटरी कुठून असणार? डबा बंद झाला की पुन्हा पहिल्या जगातल्या पहिल्या पातळीपासून.

म्हणजे मारिओ ‘पूर्ण’ करायची पहिली अट कसब नव्हतीच. सलग वीज ही होती.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्यानं गेमचं पुस्तक बाजूला ठेवून विजेचा इतिहास उघडावा. २००५ च्या जूनमध्ये राज्य वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण कंपनी झाली. त्याच सुमाराची काही वर्षं महाराष्ट्रात भारनियमनाची होती. ग्रामीण भागात दिवसाला दहा-बारा तासही वीज नसायची. कुठल्या भागात किती तास, हे पुढे वीजगळती आणि बिलवसुली यांच्यावरून ठरू लागलं. दुसरीकडे २००६ मध्ये पुणे शहराला भारनियमनातून बाहेर काढणारी व्यवस्था मंजूर झाली. उद्योगांनी आपले जनरेटर चालवायचे, त्यामुळे वाचलेली वीज शहराला द्यायची, आणि त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांकडून आकारायचा. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ते गाजलं. शिरूर पुण्यापासून साधारण सत्तर किलोमीटरवर, दौंडही जवळपास तेवढंच. जिल्हा एक, पण कोथरूडच्या मुलाचा मारिओ आणि न्हावऱ्याच्या मुलाचा मारिओ हे त्या काळात वेगवेगळे गेम होते. पहिल्याला हरायला शत्रू लागायचा, दुसऱ्याला लाइट गेली तरी पुरायचं. (आणि ज्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत टीव्ही बनत होते, ते गाव शिरूर तालुक्यातलंच. इतिहासात असले विनोद कुणी मुद्दाम करत नाही.)

याचा खेळण्यावर परिणाम काय झाला, ते बघण्यासारखं आहे. पहिल्या जगाच्या दुसऱ्या पातळीत छतावरून चालत गेलं की तीन पाइप लागतात आणि थेट दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या जगात जाता येतं. चौथ्या जगातून असंच आठव्यात. ही ‘शॉर्टकट’ची माहिती शाळेच्या मधल्या सुटीत पसरायची. लाइट कधी जाणार याचं वेळापत्रक ठाऊक असलेल्या मुलासाठी ती चलाखी नव्हती, सोय होती. तासाभरात शेवट गाठायचा तर मधली जगं वगळावीच लागतात. आता असा मुलगा राजकन्येपर्यंत पोचला, पण पाचवं, सहावं, सातवं जग त्यानं आयुष्यात पाहिलं नाही. त्याला ‘पूर्ण केला’ म्हणणार की नाही? तुमच्या व्याख्येचा कस इथे लागतो.

साधनांबद्दल सांगायचं तर वीज नियामक आयोगाचे आदेश सार्वजनिक आहेत आणि भारनियमनाची वेळापत्रकं त्या वेळच्या वर्तमानपत्रांत छापून येत. मुलाखतीत कुणी ‘संध्याकाळी खेळायचो’ म्हणालं तर ते वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे करण्याचं काम त्याच दशकात चाललं होतं. तेव्हा ‘थ्री फेज गेली, सिंगल फेज होती’ अशी वाक्यं नीट टिपून घ्या. पंप बंद पण टीव्ही चालू, असे तास त्यात लपलेले असतात. पण टीव्ही चालू म्हणजे गेम चालू असंही नाही. त्या तासांवर आईच्या मालिकेचाही हक्क होता. आणि घरात मुलगी खेळत असेल तर पाणी भरायला, पोळ्या करायला हाक तिलाच यायची. डबा बंद झाला की तिचंही सगळं पहिल्यापासून.

सायबर कॅफेबद्दल थोडक्यात. जीटीए व्हाइस सिटी संगणकावर २००३ मध्ये आला. त्यात खेळ जपता येत होता, पण त्यासाठी पात्राला स्वतःच्या घरी जाऊन गुलाबी कॅसेटच्या खुणेवर उभं राहावं लागे. तासावर पैसे मोजणाऱ्याचे शेवटचे पाच मिनिट त्यातच जाणार. शिवाय जपायला जागा फक्त आठ आणि संगणक अख्ख्या गावाचा. तुमच्या जागेवर उद्या दुसरा कुणी आपला खेळ जपून ठेवणार. म्हणून पुष्कळांनी गोष्टीचा नादच धरला नाही. वहीच्या शेवटच्या पानावर चीट कोड लिहून आणायचे, ‘पँझर’ टाइप करून रणगाडा मागवायचा आणि तासभर गावभर हिंडायचं. यांनी गेम सोडलाही नाही आणि त्यांचा राहिलाही नाही. शेवटाकडे जायचं हे त्यांच्या मनातच नव्हतं. प्रश्नावलीत यांच्यासाठी रकाना ठेवा. कॅफेच्या नोंदवह्यांवर मात्र फार भिस्त ठेवू नका. २०११ च्या केंद्राच्या नियमांनी ग्राहकांची नोंद सक्तीची केली, पण ती किमान एक वर्षच जपायची होती.

मोबाइलनं हा सगळा घोळ पुन्हा पार्लरच्या जागी आणून ठेवला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, २०१८ च्या मार्चमध्ये पब्जी मोबाइल. आता वीज गेली तरी फोनची बॅटरी होती, खेळ खात्यावर आपोआप जपला जात होता, म्हणजे जुने अडथळे सुटले. पण या गेमला शेवटच नाही. डाव संपतो, गेम संपत नाही. कुरकुंभच्या वसाहतीत पाळी संपवून खोलीवर आलेला कामगार ‘दोन मॅच’ खेळतो, तेव्हा पूर्ण करायचं असं काही नसतंच.

आणि मग २ सप्टेंबर २०२०. केंद्र सरकारनं ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाइल होता. ऑक्टोबरच्या अखेरीला भारतासाठीचे सर्व्हरही बंद झाले. २०२१ च्या जुलैमध्ये तो बीजीएमआय या नावानं परतला, २०२२ च्या जुलैमध्ये पुन्हा दुकानातून हटला, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा आला. कंपनीच्या हिशेबात या प्रत्येक वेळी खेळाडूंची संख्या घसरलेली दिसणार, आणि आलेख बघणारा ‘खेळाडूंनी गेम सोडला’ असंच लिहिणार.

तेव्हा मुलाखतीला जाताना ‘का सोडलात’ हा प्रश्न घरी ठेवून जा. शेवटचं कुठे होतात, हे विचारा. कितव्या जगात, कुठल्या पाइपपाशी. तेव्हा लाइट होती का, टीव्ही कोणाचा होता, खिशात किती होते, हाक कोणी मारली. आणि समोरचा माणूस बोलायला लागला की त्याचं क्रियापद जसंच्या तसं लिहून घ्या.